पीपी ईमेल आणि चौदा अर्ज

नव्वदचं दशक संपत आलं होतं. साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी पर्सोनेल डिपार्टमेंटला होते. त्या वर्षी पुण्याच्या हेड ऑफिसने फर्मान काढलं... ट्रेनी भरतीचे अर्ज यापुढे फक्त ईमेलने.

आमच्या मोहिते साहेबांना एकच धास्ती होती. एकाच पोराने दहा-दहा अर्ज टाकले तर? पोस्टाने अर्ज यायचे तेव्हा असले प्रताप झाले होते.

मी नुकताच कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, त्यामुळे अंगात भारी उत्साह. मी म्हटलं, सोपं आहे साहेब, एका ईमेलवरून आलेला एकच अर्ज ठेवू, शेवटचा. बाकीचे आपोआप बाद! साहेब खूश, मी तर हवेतच...

मुलाखतींना दोन दिवस उरले असताना गेटवरून फोन आला. एक मुलगी आलीय, कॉल लेटर नाही, पण हटत नाही. मी तिला आत बोलावलं.

उज्ज्वला तिचं नाव. मिरजेजवळच्या खेड्यातली, आयटीआय टर्नर, वर्गात एकटीच मुलगी. पहाटेच्या एसटीने आली होती.

"मॅडम, माजा अर्ज तरी पोचलाय का, तेवडं बगा की. येत्या जूनपास्नं माजं वय बसनार न्हाई भरतीत."

मी तिचा ईमेल शोधला. त्यावर भलत्याच मुलाचा अर्ज होता. दुसऱ्याचा पत्ता का दिलास, असं मी जरा दरडावूनच विचारलं.

"दुसऱ्याचा कशानं? त्यो आमच्या समद्यांचाच हाय. मिरजंत काँप्युटरवाला हाय, त्येचा. फोनला पीपी नंबर देतूय न्हवं, तसाच."

आजच्या मुलांना सांगायला हवं... तेव्हा घरोघरी फोन नव्हते. शेजाऱ्यांचा नंबर द्यायचा आणि पुढे पीपी लिहायचं. माझ्या स्वतःच्या नोकरीचा निरोपसुद्धा शेजारच्या काकूंच्या फोनवर आला होता. आणि मला हे सुचलं नाही!

बाद अर्ज एका फ्लॉपीत ठेवले होते. तिच्यासमोरच उघडून पाहिलं तर त्या एका पत्त्यावरून चौदा अर्ज आले होते, चौदा वेगवेगळ्या माणसांचे. त्यातले तेरा मी न वाचता फेकले होते.

मग मी काय केलं ते सांगायला आजही लाज वाटते. गुपचूप उज्ज्वलाच्या नावाचं कॉल लेटर टाइप केलं, सही केली आणि तिच्या हातात दिलं. म्हटलं, झालं तुझं काम, जा आता.

तिने पत्र दोनदा वाचलं, घडी घालून पिशवीत ठेवलं. पण ती उठेना.

"आनी बाकीच्यांचं वं, मॅडम?"

टर्नरच्या जागा दोनच होत्या, हे तिला ठाऊक होतं. बाकीचे आले तर तिचीच अडचण, हेही ठाऊक असणार. तरी ती बसून राहिली...

शेवटी मी फ्लॉपी घेऊन साहेबांकडे गेले आणि चूक कबूल केली. ते चिडले, पण क्षणभरच. लगेच मिरजेच्या त्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. त्या भल्या माणसाने सायकलवर फिरून सगळ्यांना निरोप दिले, आणि मुलाखतीला सगळेच्या सगळे हजर!

उज्ज्वलाची मुलाखत छान झाली. पण यादीत ती तिसरी आली. दुसरी जागा मिळाली ती त्याच बाद अर्जांतल्या एका मुलाला.

निकाल मीच तिला सांगितला. मला वाटलं, रडेल. डोळे भरले तिचे, पण म्हणाली, "त्यो लय हुशार हाय, मॅडम. त्येला मिळाली ते बरं झालं." आणि मिरजेची गाडी धरायला निघाली. पुढे ती कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये लागली, एवढंच कानावर आलं.

नंतर मी बऱ्याच कंपन्यांत भरतीचं काम केलं, मोठमोठी सॉफ्टवेअरं आली. पण बाद झालेल्यांची यादी मी एकदा तरी स्वतः वाचल्याशिवाय पुढे जाऊ दिली नाही.

ते पत्र घेऊन ती निघून गेली असती, तर माझी चूक कुणालाच कळली नसती. आणि काही दिवसांनी मलाही ती चूक वाटली नसती... याचीच मला जास्त भीती वाटते. उज्ज्वला, त्या दिवशी तू उठली नाहीस, त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेले गं.