नकाशावरची पांद

आमच्या वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंत जाणारी पांद, म्हणजे दोन शेतांमधली गाडीवाट, नेटवरच्या नकाशात मीच काढली होती. हा नकाशा कुणा एकाचा नाही. ज्याला वाटेल त्यानं आपल्या गावचा रस्ता, विहीर, देऊळ त्यात भरायचं आणि चुकलं तर दुसऱ्यानं सुधारायचं. वडगाव रासाईच्या शिवारातलं बरंचसं माझ्या हातचं आहे, आणि त्याचा मला भलता अभिमान.

माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, डायलिसिससाठी शिरूरला न्यावं लागतं. न्यायला येणारे ड्रायव्हर बदलत राहतात; मोबाइलमधला नकाशा सांगेल तसे ते येतात. पांदीनं गेलं की लगेच डांबरी. नाहीतर नदीकडच्या खड्ड्यांतून मोठा वळसा. परत येताना आबांच्या अंगात त्राण नसतं. प्रत्येक खड्ड्याला ते डोळे घट्ट मिटून घेत आणि शेजारी बसलेल्या माझ्या जिवाचं पाणी पाणी होई.

एका संध्याकाळी पाहते तर कुणीतरी माझ्या पांदीची पायवाट करून टाकलेली! खाली टीप : 'गाडी जात नाही.' तळपायाची आग मस्तकात गेली. यंदा पांदीच्या अंगावर ऊस लावून ती अडवली होती माझ्या चुलतभावानं, आणि त्याचं आमचं बोलणं बंद. आमच्याकडं कुणी विरोधात गेलं की पहिला संशय भाऊकीवर. हा त्याचाच माणूस, असं मी धरूनच चालले. रस्ता होता तसा केला आणि चर्चेच्या पानावर ठोकून दिलं, "ही पूर्वापार गाडीवाट आहे, कुणी अडवली म्हणून नकाशातून पुसू देणार नाही. कुणाच्या सांगण्यावरून हे उद्योग चाललेत ते कळतं आम्हाला."

सकाळी उत्तर आलं. "नमस्कार. मी दौंडचा, रेल्वेतून निवृत्त. तुमच्या गावात माझं कुणी नाही. तुमचं म्हणणं मला असं समजलं : वाट पूर्वापार गाडीची आहे, कुणीतरी ती अडवली आहे, आणि नकाशातून गेली तर ती कायमची जाईल ही भीती आहे. बरोबर समजलो का? नसेन तर आधी ते दुरुस्त करा. माझं मी नंतर सांगतो."

मी चाटच पडले. माझी बाजू माझ्यापेक्षा त्यांनीच नीट मांडली होती, आणि माझ्या टोमण्याला साधा हातही लावला नव्हता. मी त्यांच्या जुन्या चर्चा उघडून वाचत बसले. सगळीकडं हीच रीत. एकानं त्यांना अडाणी म्हटलं होतं; त्याच्या बोलण्यातलं खरं होतं तेवढं वेगळं काढून त्याबद्दल त्यांनी आभार मानले होते. आमच्या सोसायटीच्या सभेला असा एक माणूस मिळाला तर अर्ध्या खुर्च्या वाचतील!

मी 'बरोबर' म्हटल्यावर त्यांनी स्वतःचं सांगितलं. ते स्कूटरवरून येऊन पाहून गेले होते, आरसे उसात अडकले होते. मोठी गाडी मधेच अडकली तर? हे पटलं, म्हणून वाट मोकळी होईपर्यंत मीच ती पुन्हा पायवाट केली. मग मीही आबांचं सगळं लिहिलं. "वाचून वाईट वाटलं," त्यांनी कळवलं. "पण ज्यांचा ऊस आहे त्यांची बाजू इथे कुठेच नाही. ते नेटवर नसतील तर तुम्हीच लिहा. मात्र अशी लिहा, की ऐकून त्यांनी मान डोलवावी."

लिहायला बसले. 'माजलाय' यापलीकडं शब्द सुचेना. शेवटी मोबाइल घेतला आणि बांध ओलांडला.

चुलतभाऊ मोटर चालू करत होता. "पांद का अडवलीस ते तुझ्या तोंडानं सांग," मी म्हटलं. "मला लिहायचंय."

तो मोटर सोडून वळला. "तुमच्याकडं येणाऱ्या टेम्पोनं पांदीतनं गेलेली माझी पाइपलाइन फोडली, ताई. नीट केली, तर फिरून फोडली. पीक वाळाय लागलं. कुणी इचाराय तरी आलं का?"

मी तसंच लिहिलं आणि त्याला वाचून दाखवलं.

"व्हय, असंच हाय," तो म्हणाला. मग खाली बघत, "आबाला त्या वळशानं लई तरास हुतो का?"

मी सांगायला लागले आणि मला रडूच फुटलं.

दौंडच्या काकांनी दोन्ही बाजू शेजारी शेजारी ठेवून विचारलं, "पाइप खोल गाडला तर?" बस, एवढंच. आम्ही चर खणून पाइप गाडला, चुलतभावानं कडेचा ऊस तोडून जनावरांना घातला. काका पुन्हा येऊन पाहून गेले आणि पायवाटेची गाडीवाट त्यांनी स्वतःच्या हातानं केली. जिंकलं कोण, हे त्या पानावर शोधूनही सापडत नाही. मला त्या माणसाचं फार फार कौतुक वाटतं.

पुढच्या खेपेला आबांची गाडी पांदीत शिरली, तेव्हा चुलतभाऊ कडेला उभा राहून आडवा आलेला ऊस दोन्ही हातांनी मागं रेटत होता. आबांनी खिडकीतून हात बाहेर काढून त्याच्याकडं केला. भांडण झाल्यापासून तो त्यांच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

"हात आत घ्या, आबा," तो म्हणाला. "पान लई कापतं."