चार सेंटिमीटरचा खडा

अन्याय माझ्या मावशीवर झाला. गेल्या वर्षी, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, गंगापूर रोडवरच्या एका सोनोग्राफी सेंटरच्या पायऱ्यांवर. करणारे आम्ही तिघं: तिचा मुलगा, माझा मामा आणि मी.

मावशी अजून आतच होती, पोटावरचं जेल पुसत. रिपोर्ट आमच्या हातात पडला होता. उजव्या किडनीवर चार सेंटिमीटरची गाठ, बाहेरच्या कडेला. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. कॅन्सर असण्याची शक्यता जास्त. पण जागा बरी आहे, लवकर ऑपरेशन केलं तर नुसती गाठ काढता येईल, किडनी वाचेल.

"तिला खडा सांगू," मामा म्हणाला. "नाशकात कुणाला खडा नाही?"

"गाठ म्हटलं तर आई परत शिलाई मशीनवर बसायचीच नाही," मावसभाऊ म्हणाला.

आणि मी? गर्भलिंगनिदान होत नाही अशी पाटी लावलेल्या अशाच सेंटरांबाहेर मी पत्रकं वाटली आहेत. 'बाईच्या शरीरात काय आहे ते आधी बाईला कळलं पाहिजे' हे त्यातलं वाक्य माझं. त्या सकाळी मी रिपोर्टची घडी घातली आणि माझ्या पिशवीत टाकली.

मावशी देवळाली कॅम्पात जवानांचे गणवेश शिवते. तिला आम्ही खडा सांगितला, आणि लगेच ऑपरेशनही सांगितलं. ती हसली. "खड्यासाठी पोट कोण फाडतं गं? शेजारणीचा पानफुटीनं पडला." आता बोला! खरं सांगितल्याशिवाय तिला खोडता येईना, आणि खरं सांगायचं नाही हे आमचं ठरलेलं. ती रोज सकाळी पानफुटीची पानं चावायची, कुळथाचं पाणी प्यायची. भेटले की म्हणायची, "जवानांची ढेरी उतरत नाही आणि माझा खडा उतरत नाही." आम्ही हसायचो. नऊ महिने हसलो.

मग लघवीतून रक्त गेलं आणि ती स्वतःहूनच चला म्हणाली. सीटी झाला. त्यानंतर, गाठ रक्ताच्या शिरेत शिरली आहे का ते नीट बघायला सर्जननी आम्हाला बाजूला घेऊन पुन्हा सोनोग्राफी सांगितली. या वेळी डॉक्टर बाई होत्या. मी आत मावशीच्या उशाशी उभी होते. पडद्यावर करड्या रंगात लाल-निळे ठिपके वाहत होते.

"हे लाल-निळं काय, मॅडम?"

"रक्त वाहतंय, मावशी. इथे शीर मोकळी आहे, हे चांगलं. गाठ शिरेला टेकलीय, पण आत गेलेली नाही."

डॉक्टरबाईंना वाटलं होतं, पेशंटला माहीत आहे. कुणाला वाटणार नाही?

मावशीनं आरडाओरडा केला नाही. शिवणाऱ्या बाईनं विचारावं तेच विचारलं. "केवढीय?"

"पाच."

"आणि आधी?"

डॉक्टरबाईंनी मी दिलेला जुना रिपोर्ट पाहिला, मग माझ्याकडे. "चार. तेव्हा बाहेरच्या कडेला होती. आता आतल्या अंगाला वाढलीय."

"म्हणजे तेव्हा किडनी राहिली असती?"

"शक्यता होती."

मावशीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "मी जवानाची बाहीसुद्धा त्याला विचारल्याशिवाय कापत नाही," ती म्हणाली. "आणि तू पत्रकं वाटतेस."

पोट पुसून ती उठली. नवा रिपोर्ट तिनं स्वतः मागून घेतला, गणवेशांच्या मापांच्या वहीत ठेवला आणि ऑपरेशनच्या दिवशी ती वही घेऊनच दवाखान्यात गेली. किडनी पूर्ण काढावी लागली. ती जगली आहे, पुन्हा शिलाई मशीनवर बसते आहे. मामा अजून म्हणतो, "आपण तिच्या भल्यासाठीच केलं ना?" नाही, मामा. आपल्याला तिच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून केलं.

मावशी माझ्याशी बोलते. तब्येतीचं मात्र काही सांगत नाही. तो हक्क मी गमावला.

आता तुम्ही. तुमच्या घरात कपाटात, साड्यांच्या घडीखाली, कुणाचा तरी रिपोर्ट त्याच माणसापासून लपवलेला असेल. उठा, काढा तो. त्यावर ज्याचं नाव आहे त्याच्या हातात द्या, आणि तो वाचेपर्यंत समोर बसून राहा. आजच.