पाण्याला दिलेला नारळ

"मॅडम, सेफ्टीच्या कागदावर सही करा. अकरा वाजता शाळेची बस येतेय," नितीन सर म्हणाले.

मी पेनचं टोपण लावलं. "नाही करणार."

मुलुंडच्या डोंगराखाली, एका जुन्या दगडखाणीच्या पोटात केव्ह पार्क सुरू होत होता. जिना उतरून गुहेत जायचं, आत रंगीत दिवे, शेवटी खडकातलं पोहायचं तळं. नितीन सर तिथले मॅनेजर. मी पूल सेफ्टी इन-चार्ज, म्हणजे पाण्यात कुणी उतरायचं की नाही ते ठरवणारी बाई. निदान कागदावर तरी.

तळं दिसायला झकास होतं. पण एका बाजूने खडकातून सतत झरा पडत होता, आणि पातळी बोटभरही वाढत नव्हती. म्हणजे पाणी कुठूनतरी बाहेर जात होतं. साध्या पूलमध्ये अशा वाटेला आउटलेट म्हणतात. त्यावर जाळी बसवतात, नाहीतर पाणी माणसाला ओढून धरतं. इथे तळं नैसर्गिक, म्हणून आउटलेट कुणी शोधलाच नव्हता.

"अहो, पाणी किती शांत आहे बघा ना. चार दिवस आमची माणसं पोहतायत. कुणाला काही झालं?"

"मोठी माणसं मधे पोहतात, सर. पोरं कडेकडेने असतात."

"मालक निघालेत. नोकरी नकोय का तुम्हाला?"

माझं डोकं सणकलं. उद्घाटनाच्या पूजेचं ताट समोरच होतं. मी त्यातला नारळ उचलला.

"अहो, तो मालक फोडणार आहेत!"

"पाण्याला नारळ फोडून देत नाहीत. अख्खा देतात."

आम्ही मूळचे मालवणचे. आईने हे लहानपणीच शिकवलेलं. खरं सांगायचं तर त्या वेळी माझ्यात भक्ती कमी आणि हट्ट जास्त होता. मी झऱ्याजवळ नारळ सोडला.

तो डुलत डुलत मधे आला. सर हसले. "बघा, कसा आरामात तरंगतोय."

मग नारळ वळला. आधी सावकाश, नंतर भरभर. समोरच्या कडेला खडक पाण्यावर झुकला होता. तिथे तो दोनदा आपटला आणि खाली गेला. आम्ही वाट बघितली. वर आला नाही.

"कुठे गेला?" सरांचा आवाज एकदम उतरला.

"तेच विचारतेय मी सकाळपासून."

"आपण दोरी बांधू ना. अर्ध्याच भागात पोहू दे पोरांना."

मी तळ्याच्या गेटला कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. मालक आले, ओरडले, मला घरी जायला सांगितलं. म्हटलं, जाते, पण किल्ली माझ्याबरोबर येईल. शाळेची पोरं दिवे बघून, वडापाव खाऊन कोरडी परत गेली. जाताना चारदोन जणींनी माझ्याकडे इतक्या रागाने बघितलं की मला वाईट वाटलं. पण चाललं असतं मला, आयुष्यभर रागावल्या तरी.

पुढच्या आठवड्यात पाणबुड्या उतरवला. खडकाखाली एक लहान मूल सहज जाईल एवढं भगदाड निघालं. आता तिथे जाळी आहे. मालकांनी मला परत बोलावलं, माफी मात्र मागितली नाही. मीही मागितली नाही.

नारळ अजून सापडलेला नाही. धडा एवढाच, अनोळखी पाण्यात आधी नारळ सोडावा. पोरं नंतर.