आरशातली रेघ

तर काल आपण आलो होतो ते इथपर्यंत: कारागीर दुकानातला मोठा आरसा उतरवून घेऊन गेला आणि दादांसमोर नुसती पोपडे धरलेली भिंत उरली. आरशाला ओल लागून तो पाठीमागून काळा पडला होता, म्हणून बदलायचा होता. दादा म्हणजे गल्लीच्या तोंडाशी दोन खुर्च्यांचं केशकर्तनालय चालवणारे. लहानथोर सगळे त्यांना दादाच म्हणत.

केस कापणाऱ्याचं सगळं जग आरशात असतं. गिऱ्हाइकाशी बोलायचं ते आरशात बघून, दारातून कोण आलं ते बघायचं आरशात, आणि मागच्या भिंतीवर, बाकड्याच्या वर टांगलेला टीव्ही बघायचा तोही आरशातच. आता आरसाच नाही म्हटल्यावर दादांनी मान वळवली आणि टीव्हीकडे थेट पाहिलं.

टीव्हीवर शेअर बाजाराची रेघ होती. नुकताच जो शेअर उतरतोय म्हणून दादांनी विकून टाकला, त्याची रेघ खुशाल वर चढत होती.

दादांना वाटलं, टीव्ही बिघडला. मग गिऱ्हाइकाला मानेमागचं काम दाखवायचा छोटा आरसा त्यांनी हातात घेतला आणि पाठमोरे उभे राहून त्यात बघितलं. रेघ उतरली. वळून बघितलं, चढली. पुन्हा आरशात, उतरली. गिऱ्हाईक बिचारं अर्धं डोकं कापलेलं घेऊन बसलं होतं.

"दादा, माझ्या डोक्यावर किती राहिले ते बघताय का?"

"नाही हो," दादा म्हणाले, "माझ्या डोक्यात किती आहे ते बघतोय."

आता ही रेघ दुकानात आली कुठून, तर रेघवाल्या सरांकडून. हे सर दर रविवारी लोखंडी सामानाच्या दुकानावरच्या हॉलमध्ये वर्ग घेत. माणूस गोड. एकदा भेटला की नाव लक्षात ठेवणारा. त्यांची शिकवण एवढीच, "आकडे बघू नका, आकडे माणसाला घाबरवतात. रेघेची चाल बघा. चढली की घ्या, उतरली की विका." सर स्वतः घेतात-विकतात का, हे कुणी विचारलं नाही. पोहायला शिकवणाऱ्याचे कपडे कोरडे कसे, हे काठावर बसलेल्याला विचारावंसं वाटत नाही.

दादांनी फी भरली, टीव्हीवर क्रिकेटच्या जागी रेघ लावली आणि कात्री चालवता चालवता आरशात बघून व्यवहार सुरू केले. म्हणजे सगळं उलटं, कारण आरशात डावं ते उजवं होतं आणि चढती रेघ उतरती दिसते. चढत्याला विकायचे, पडत्याला घ्यायचे. पण नशीब बघा, तेव्हा बाजार झोपाळ्यासारखा हलत होता. वर गेलेलं खाली येई, खाली गेलेलं वर जाई, आणि दादा चुकून बरोबर वेळी पाय मारत होते. वर्गातले शिकलेसवरलेले लोक रेघेच्या मागे धावून तोंडावर पडत, आणि दादांना मिळत असे. सरांनी त्यांना व्यासपीठावर बोलावलं. "पुस्तक न उघडता नजर कमावलेला माणूस बघा," म्हणाले. टाळ्या पडल्या. तिथून वर्गातले लोक त्यांना 'दादा सर' म्हणू लागले, आणि हळूहळू पुढचं 'दादा' गळून नुसतं 'सर' राहिलं.

या सगळ्याला नावं ठेवायला एकच माणूस होता, तो म्हणजे दादांचा मेहुणा. पोस्टातून निवृत्त झालेला. फुकटचा पेपर वाचायला रोज बाकड्यावर येऊन बसे. "दाजी," म्हणे, "लोकांची हजामत करून पोट भरत होतं, आता स्वतःची करून घ्यायला फी भरताय?" त्याने एकदा तरी शेजारी बसून मायेने विचारलं असतं, तर दादा कदाचित बाहेर पडलेही असते. पण टोमणा बसला की माणूस स्वतःची चूक जास्तच घट्ट धरतो. सोडली तर समोरचा जिंकला.

म्हणून आरसा उतरला त्या दिवशी दादांना सगळं कळलं, आणि तरी ते गप्प बसले. नवा आरसा आला. दादांनी गुपचूप सरळ बघून व्यवहार केले, बुडाले. पुन्हा आरशात बघून केले, तरीही बुडाले, कारण तोवर झोपाळा थांबला होता. रविवारी मात्र व्यासपीठावर उभं राहून तेच जुने किस्से सांगत राहिले. नवा आरसा लख्ख होता. त्यात सगळं दिसे, म्हणून दादा गिऱ्हाइकाच्या भांगाखेरीज कुठे बघेनासे झाले. स्वतःची दाढीसुद्धा घरी, नळावर, अंदाजाने करू लागले.

मग एके सकाळी रेघवाले सर दाढी करायला आले. खुर्चीत रेलले, चेहरा फेसाने भरलेला, डोळे मिटलेले. बाकड्यावर मेहुणा आणि दोन गिऱ्हाइकं. आणि दारातून इस्त्रीवाली ताई आत आली. तिचा इस्त्रीचा गाडा दुकानाच्या पायरीलाच लागलेला असे. शेजारचा रिकामा गाळा घ्यायचा म्हणून ती वर्षानुवर्षं पैसे साठवत होती. हातात कापडी पिशवी होती. ती रेघवाल्या सरांकडे वळली.

"सर, आज आणलेत. गाळ्याचेच आणलेत. आधी हे वाढवते, मग मोठाच गाळा घेते."

"भरा भरा," मेहुणा पेपराआडून म्हणाला. "गाळा तर जाईलच, गाडाही जाईल."

"तुमच्या पोटात का दुखतं हो? दादांनी स्वतः करून दाखवलंय. आपल्या माणसावर नाही तर कुणावर विश्वास ठेवायचा?"

दादांचा वस्तरा सरांच्या गालावर थांबला.

"हात का थांबला, दादा?" सर डोळे न उघडता म्हणाले.

दादांनी वस्तरा ठेवला. छोटा आरसा ताईच्या हातात दिला.

"ताई, टीव्हीकडे पाठ करा. यात बघा. रेघ कुठे चाललीय?"

"खाली."

"आता वळून बघा."

ताई वळली. परत आरशात बघितलं, परत वळली. "ही तर वर चाललीय."

"मी ही आरशातली बघून घेत-विकत होतो. मला नजरबिजर काही नाही. अंधारात दगड मारला, तो लागला."

सरांनी डोळे उघडले. एक गाल गुळगुळीत, एक पांढरा. पण चिडले नाहीत.

"दादा, हे आधी नाही का सांगायचं. सगळे सरळ बघतात म्हणून तर बुडतात. तुमच्या आतल्या माणसाने तुम्हाला आरशाकडे वळवलं. याचा वेगळा वर्गच होईल. 'उलटी नजर'."

"त्याची फी वेगळी का, सर?" एका गिऱ्हाइकाने विचारलं.

"आरसा आपला आणायचा की तिथे मिळेल?" दुसरा म्हणाला. तो थट्टा करत नव्हता.

"अहो, आरशात बघूनही बुडालोय मी नंतर," दादा म्हणाले. "दोन्हीकडून बुडालोय."

"शिस्त कमी पडली असेल," सर म्हणाले आणि पुन्हा रेलले. "उरलेला गाल घ्या."

आता मेहुण्याची पाळी. 'मी म्हटलं नव्हतं' हे शब्द येणार म्हणून दादांनी मान खाली घातली. पण ते येईनात. मेहुण्याने पेपर मांडीवर ठेवला होता.

"दाजी, म्हणजे परवा तुम्ही गिऱ्हाइकांना जे घ्यायला सांगत होतात..."

"तेही असंच."

"असंच म्हणजे, काहीच न कळता?"

"का हो? तुम्ही घेतलंत की काय?"

मेहुण्याने पेपर परत तोंडासमोर धरला. तो उलटा होता. बाकड्यावरचे दोघे फिदीफिदी हसले. याच क्षणाची दादांनी किती वाट बघितली होती. पण आता त्यात काही गोडी नव्हती.

ताईने पिशवीची गाठ पुन्हा आवळली.

"दादा, हे तुम्हाला कधी कळलं?"

"जुना आरसा नेला त्या दिवशी."

"त्याच्या नंतरच्या रविवारी तर तुम्ही व्यासपीठावरून मला हाक मारून म्हणालात, ताई, तुम्हीही या."

"म्हणालो."

"कळलेलं असताना?"

"कळलेलं असताना."

"का, दादा?"

सरांच्या गालावरचा फेस वाळत चालला होता. दादांनी त्याच्याकडे बघितलं, मग नव्या आरशात स्वतःकडे, आणि म्हणाले,

"लोक मला सर म्हणायला लागले होते, ताई. जन्मभर सगळ्यांच्या डोक्याला हात लावला, पण खुर्चीतून उठल्यावर जो तो आरशात स्वतःलाच बघून जातो. तिथे व्यासपीठावर माझ्याकडे बघत होते. तुम्हाला बोलावलं नसतं तर ते बघायचे थांबले असते."