खुनाच्या पुस्तकातला पंचनामा

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी वाशीमच्या वाचनालयातून एक रहस्यकादंबरी आणली. कादंबरीतली गोष्ट साठ-बासष्ट सालातली होती, म्हणजे मी पाटी घेऊन शाळेत जायचो तेव्हाची. आमच्या घरात शाळेच्या पुस्तकांखेरीज आलेलं ते पहिलंच पुस्तक असावं. रविवारी दुपारी बाबा कडुनिंबाखाली अंबाडीचा दोर वळत बसत आणि मी त्यांना वाचून दाखवी.

"कॉलेजात हेच शिकवतेत का?" त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं.

"नाही. हे असंच आणलं."

"एकाच माणसाचा खून अन् पुस्तक एवढं जाड! वाच, वाच."

तिसऱ्या रविवारी एक प्रकरण आलं. त्यात इन्स्पेक्टर एका म्हाताऱ्या पंचाला जुना पंचनामा वाचून दाखवतो आणि म्हातारा म्हणतो, हे मी सांगितलंच नव्हतं. बाबांचे हात थांबले.

"असं होते?"

"पुस्तकात आहे, बाबा."

"पुस्तकाचं नाई इचारून राह्यलो."

मग मला कळलं ते काय विचारत होते. आमच्या समोर राहणाऱ्या काकूंचा नवरा बाबांचा कामावरचा जोडीदार होता. मी लहान असताना तो मालकाच्या विहिरीत मेलेला सापडला. पाय घसरून पडला, असं ठरलं आणि प्रकरण मिटलं. पंचांत बाबा होते. डोक्याला मागून जखम होती, ती पडण्याची वाटत नव्हती, असं त्यांनी जमादाराला सांगितलं. जमादारानं लिहिलं, बाबांनी अंगठा दिला. "माझं बोलणं कागदात हाये, वयनी," असं ते काकूंना सांगत आले होते. "कधी कोणी तपासलं तं निघीन." काकूंनी तेवढंच धरून इतकी वर्षं काढली होती.

"तो कागद पाहाले भेटते का?" बाबांनी विचारलं.

नकलेचा अर्ज मी लिहिला. खाली अंगठा काकूंचा हवा होता. त्यांनी बोट पुढे केलं, तेव्हा मी म्हटलं, आधी ऐका. तीन वेळा वाचून दाखवला.

"झालं का तुहं वाचणं?" त्या म्हणाल्या. "शाई वाळून जाईन."

दीड महिन्यानं नक्कल मिळाली. कचेरीच्या व्हरांड्यात उभ्यानंच वाचली. एकच पान होतं. पाय घसरून विहिरीत पडल्याने मृत्यू. अंगावर इतर जखमा नाहीत. सदर पंचनामा आम्हां पंचांस वाचून दाखविला, तो बरोबर आहे. खाली बाबांचं नाव.

मला तेव्हा काय वाटलं, हे मला नीट सांगता येत नाही. बहुधा काहीच वाटलं नाही. गाडीला वेळ होता. मी स्टेशनवर शेंगदाणे घेतले आणि आमचं जऊळका स्टेशन येईपर्यंत एकेक करून खाल्ले. चव आठवत नाही.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अंगठा माझाच हाये का?"

"नकलेत अंगठा उमटत नाही. 'निशाणी अंगठा' असं लिहिलेलं असतं."

"लिहिलं हाये नं?"

"हो."

"मले कोणी वाचून दाखोलं नोतं," ते म्हणाले. ते मला सांगत होते की आणखी कुणाला, कळलं नाही. मग पायात वाहाणा घालून समोर गेले. मागोमाग मी.

काकू सुपात तूर निवडत होत्या.

"वयनी," बाबा उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "कागदात माझं बोलणं नाई."

काकूंचं बोट तुरीत तसंच राहिलं. नंतर त्यांनी एक खडा उचलला, बाहेर टाकला.

"म्हंजे जखम नाई त्यात?"

"नाई."

"तुमी सांगतली होती नं पण, भाऊजी?"

"सांगतली होती."

त्या माझ्याकडे वळल्या. त्यांच्या लेखी मी कॉलेजात शिकणारा, गावातला सगळ्यात हुशार पोरगा होतो.

"तू नीट वाचलं का रे? गडबडीत एखांदी ओळ राहून गेली असीन. आणखी एक डाव पाह्य नं, बाप्पा."

नक्कल माझ्या खिशात होती. ती त्यांच्यासमोर उलगडून पुन्हा वाचता आली असती. मी हो म्हणालो, पाहतो म्हणालो.

पुढच्या वेळी वाशीमला गेलो, तेव्हा कादंबरी परत केली. शेवटची चाळीसेक पानं वाचायची राहिली होती. बाबांनी ती मागितली नाहीत. काकूंनी मात्र दोनदा विचारलं, "पाह्यलं का?" दोन्ही वेळा मी म्हणालो, कचेरी बंद होती.