ताईच्या पुड्या

माझी थोरली बहीण थळला सुकी मासळी विकायची. तिच्या गुडघ्यांसाठी भावोजी एका वैदूकडून पुड्या आणत. गेल्या वर्षी न्यूमोनियाने ती अतिदक्षता विभागात पडली. शेजारच्या खाटेवरची न्यूमोनियाचीच बाई स्टिरॉइडच्या इंजेक्शनांनी तिसऱ्या दिवशी उठून बसली.

"ताईलाही तेच द्या!" मी डॉक्टरीणबाईंवर ओरडलो.

"घरी काय घेत होत्या?"

भावोजींनी खिशातून घामाने चिकट झालेली पुडी काढली. मला किळस आली.

"यात बहुधा स्टिरॉइडच असतं," त्या म्हणाल्या. "वर्षानुवर्षं घेऊन यांची प्रतिकारशक्ती खचलीय, त्या बाईंची शाबूत होती. मोठ्या डोसाने यांचे जंतू उलट बळावतील. एकदम बंदही करता येत नाही. अंगाला सवय झालीय तेवढंच चालू ठेवू, आधी जंतू शोधू."

जंतू सापडला. ताई महिन्याने घरी आली, पण दोन पायऱ्या चढली तरी तिला धाप लागते.

ती घरी आली त्याच्या पुढच्याच आठवड्यात भावोजींच्या हातात पुन्हा पुड्या दिसल्या.

"तिच्या न्हाय, माझ्या कमरेला हायेत," ते हसत म्हणाले.

मला शिसारी आली. मी पुड्या हिसकावून संडासात ओतल्या. त्यांनी केलेला चहा मला गिळवेना.