पिवळा दिवा आणि प्रणालीची नोकरी

किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागतात आणि मग एकेक करून विझतात. सगळे विझल्याशिवाय मी श्वास सोडत नाही, ही माझी जुनी सवय. त्या सोमवारी बाकीचे विझले आणि एक पिवळा, इंजिनाच्या चित्राचा, तसाच राहिला. मी किल्ली बंद केली. पुन्हा फिरवली. राहिला. देवाचं नाव घेऊन फिरवली. तरी राहिला!

झालं होतं ते एवढंच. पण एखाद्या घरात पाल निघाली की आख्खी बिल्डिंग आपापल्या पालींच्या गोष्टी घेऊन जमते ना, तसं गाडीच्या दिव्याचं आहे. दिवा लागला म्हटलं की ज्याच्या त्याच्याकडे उपाय असतो, आणि उपाय झाला की किस्सा होतो. आता डब्याच्या वेळी लॅबमधले लोक झाकण उघडायच्या आधी विचारतात, "आज काय केलं गाडीनं?"

गाडीनं काही केलं नाही हो. जे केलं ते माणसांनी!

*

गाडी बाबांची, सेकंडहँड. चालवते मी. बदलापूरच्या कुळगावातून निघताना शेजारच्या बिल्डिंगमधल्या सबनीस काकांना घ्यायचं. ते आमच्या कंपनीत स्टोअर्स बघतात. मग उलटा फेरा मारून सोनिवलीला प्रणालीला घ्यायचं; ती माझ्याच लॅबमध्ये, माझ्याच टेबलाला. मग तिघांनी आनंदनगर एमआयडीसी गाठायची.

पहिल्या दिवशी काकांना दिवा दाखवला तर ते सीट मागे सारत म्हणाले, "सेन्सर असतो गं. सेन्सरचा काय भरवसा? जावयासारखा असतो. कारण नसताना रुसतो."

मी मात्र तीसच्या वर गाडी नेली नाही. कशी नेणार? समोर इंजिनाचं चित्र पेटलेलं! एमआयडीसीच्या रस्त्यावर मागे दोन टँकर, दुसऱ्या एका कंपनीची बस आणि एक टेम्पो जमला. शेवटी टेम्पोवाल्यानं बाजूला येऊन काच खाली करायला लावली आणि आत डोकावून अगदी अदबीनं विचारलं, "ताई, नवरदेव कुठाय? वरात आमच्यापर्यंत आली, नवरदेव दिसंना!"

*

आता तुम्ही म्हणाल, एवढी घाबरतेस तर गाडी घरी ठेव, रिक्षानं जा. तेच मी म्हटलं. तर प्रणालीचा चेहरा पांढरा पडला.

प्रणालीच्या सासरी नोकरी करणारी ती पहिलीच सून. पूर्वी कंपनीची बस होती, ती बंद झाली. त्या आठवड्यात एकदा रिक्षा न मिळाल्यामुळे प्रणाली नाक्यावर एकटीच उभी राहिली आणि कुणीतरी ते घरी जाऊन सांगितलं. सासूबाईंनी ओसरीवर बसून निकाल दिला, "गारी दारातशी न्हेल आन दारात आनून सोरल, तं कर नोकरी. नय तं बस घरा."

म्हणून ही गाडी. प्रणालीची नोकरी पर्मनंट होण्याचं पत्र एप्रिलमध्ये येणार होतं. तोवर एक दिवस जरी गाडी दारात गेली नाही, तर विषय संपला. ती म्हणाली, "तेजू, एकदा रिक्षानं गेले ना, की मग कायमची घरी."

सासूबाई रोज सकाळी फाटकाशी उभ्या असतात. मला त्या डायवरीन म्हणतात. वाकून आत बघतात आणि विचारतात, "डायवरीन, गारी बरी हाय ना?"

"हो, एकदम!" असं मी रोज म्हणते. खोटं बोलताना माझा आवाज इतका बारीक होतो की काका शेजारून खोकतात.

*

बुधवारी चमत्कार झाला. संध्याकाळी गाडी सुरू केली आणि दिवा नाही! मी आनंदानं ओरडले, काका दचकले. घरी बाबांना सांगितलं. आईनं देवापुढे साखर ठेवली. दोन दिवस मी माणसासारखी चालवली, टँकरला ओव्हरटेकसुद्धा केलं.

शुक्रवारी दुपारी गाडी उन्हात तापली होती. प्रणाली आणि मी बसलो, एसी लावला, आणि डॅशबोर्डवरून काहीतरी टपकन माझ्या मांडीवर पडलं. मी किंचाळले. झुरळ असेल असं वाटलं. टिकली होती. चांगली मोठी, चॉकलेटी.

आणि जिथून ती पडली, तिथे पिवळा दिवा जसाच्या तसा!

"अगं, आमच्या सासूबाई रोज वाकून बघतात ना," प्रणाली म्हणाली. "म्हणून लावली."

"मग मला सांगायचंस की!"

"तू किती खूश होतीस, तेजू. माझी हिंमतच झाली नाही."

*

रविवारी बाबांनी मोबाइलवर व्हिडिओ बघितला. बॅटरीची वायर काढायची, चहा प्यायचा, वायर परत लावायची, दिवा जातो. बाबांनी चहा आधी घेतला, वायर नंतर काढली. परत लावली तशी गाडी भोकाड पसरून ओरडायला लागली. दुपारची वेळ, सगळी सोसायटी झोपलेली. सगळ्या गॅलऱ्यांमध्ये माणसं आली. तळमजल्याचे आजोबा बनियनवर काठी घेऊन चोर पकडायला धावले आणि बाबांनाच धरलं.

सुटका झाल्यावर बाबा घाम पुसत म्हणाले, "पण दिवा गेला की नाही?"

गेला होता. सोमवारी सोनिवलीच्या वळणावर परत आला. म्युझिक सिस्टीम मात्र तेव्हापासून कसलासा कोड मागत बसली आहे. ती आजतागायत बोललेली नाही.

*

तंबाखूचा उपाय काकांचा. म्हणे उंदीर वायर खातात, त्याचा हा दिवा, आणि तंबाखूच्या वासानं उंदीर येत नाहीत. मला न विचारता त्यांनी बॉनेटमध्ये चार कोपऱ्यांत पानं खोचली. इंजिन तापलं आणि गाडीत असा वास सुटला की मला गरगरायला लागलं.

आमची कंपनी औषधांची. गेटच्या आत तंबाखूचा कणही चालत नाही. सिक्युरिटीवाल्यानं काच खाली करायला लावली, हुंगलं, माझ्याकडे बघितलं, परत हुंगलं. डिकी उघडली. सीटखाली बघितलं. शेवटी बॉनेट उघडायला लावलं आणि पानांच्या जुड्या बघून तो खरोखर हळहळला.

"मॅडम," तो म्हणाला, "एवढी? एकट्या?"

काका तोवर उतरून पायी आत गेले होते!

*

शेवटी बाबा म्हणाले, उल्हासनगरला जा. तिथे मिळत नाही असा पार्ट नाही आणि गोपीभाईंना कळत नाही अशी गाडी नाही. सुट्टीच्या दिवशी मी गेले. काका "एकटी कशी जाशील?" म्हणून सोबत आले. गोपीभाईंनी स्टिअरिंगखाली मशिनची पिन लावली, स्क्रीन बघितली, परत बघितली.

"बेटा, गाडी में तो कुछ भी नहीं है. एक भी कोड नहीं. एकदम क्लीन."

मी डॅशबोर्डकडे पाहिलं. दिवा नाही! तो असणारच, म्हणून सकाळी निघताना मी तिकडे बघितलंच नव्हतं. या गाडीनं मला वेड्यात काढायचं ठरवलंय असं वाटून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात मागून काकांचा प्रसन्न आवाज आला, "नसणारच. कालच मी डिलीट केलं ना!"

काकांनी ऑनलाइन एक यंत्र मागवलं होतं. काडेपेटीएवढं. ते लावायचं, मोबाइलवर बटण दाबायचं, बिघाडाचा कोड पुसला जातो आणि दिवाही विझतो. संध्याकाळी "जरा किल्ली दे, छत्री राहिली," म्हणून त्यांनी किल्ली नेली होती. मार्च महिन्यात छत्री! मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"काय कोड होता, काका?" मी विचारलं.

"ते कोण वाचतं? लाल अक्षरं होती. पुसून टाकली. दुसऱ्याच्या दारात गाडी न्यायची तर स्वच्छ नको का न्यायला?"

गोपीभाईंनी हातातली पिन खाली ठेवली. "काका, डॉक्टर के पास जाते टाइम रिपोर्ट फाड के जाते हो क्या?"

मग मला म्हणाले, "बत्ती वापस आने दे. आयेगी. आयी तो किसी को हात मत लगाने दे, सीधा मेरे पास ला."

*

मग आमची वाट बघणं सुरू झालं. जो दिवा जावा म्हणून आईनं साखर ठेवली होती, तो यावा म्हणून आम्ही झुरायला लागलो. बाबा दुपारी फोन करून विचारायचे, "लागला का गं?" मी हळूच म्हणायचे, "नाही अजून." पलीकडच्या टेबलावरच्या मॅडमनी तर एकदा माझा हात हातात घेतला. "इतकं मनाला लावून घेऊ नकोस," त्या म्हणाल्या, "स्थळाचं असंच असतं. ज्याच्या त्याच्या वेळेला लागतं."

*

लागला. कधी लागला? ज्या सकाळी प्रणालीच्या सासूबाई म्हणाल्या, "मना कुलगावाला सोर, डायवरीन. बाजार करायचाय," आणि काकांना मागे पाठवून स्वतः पुढच्या सीटवर बसल्या, त्याच सकाळी. गाव संपता संपता. माझ्या आणि त्यांच्या डोळ्यांदेखत.

"यो कसला दिवा?" त्यांनी विचारलं.

"एसीचा," काका म्हणाले.

"पेट्रोलचा," प्रणाली म्हणाली.

"सीट बेल्टचा," मी म्हणाले.

तिघं एकदम!

सासूबाईंनी शांतपणे बेल्ट ओढून लावला. दिवा तसाच. मग त्यांनी एकेकाकडे नीट बघितलं. "बरा. मंग तुमी तिघं येवरं घामाघूम कनाला झाल्याव?"

मी एसी वाढवला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. उतरताना फक्त म्हणाल्या, "तुजा नंबर दे मना, डायवरीन. आन माजा पन घे." तो नंबर सेव्ह करताना मी तीनदा चुकले. गेटपाशी प्रणाली म्हणाली, "आता विचारतील. आज नाही, पण ज्या दिवशी गाडी थांबेल ना, त्या दिवशी सगळं विचारतील."

*

त्याच संध्याकाळी प्रणालीला वेळेत घरी सोडलं आणि काकांनी पुन्हा काही पुसू नये म्हणून त्यांची मोबाइलची पिशवी स्वतःच्या मांडीवर ठेवून मी सरळ उल्हासनगर गाठलं. यंत्रासकट काका मागे बसले होते, रुसून.

या वेळी गोपीभाईंच्या मशिननं कोड दाखवला. एका सिलिंडरला ठिणगीच धड मिळत नव्हती. तिथली कॉइल जात आली होती. इतके दिवस माझा जीव एवढ्याशा कॉइलपायी टांगलेला!

"बदला ना मग," मी म्हटलं.

"पार्ट मंगाना पडेगा. आ जायेगा. तब तक आराम से चला. बस, बत्ती ब्लिंक करने लगी ना, तो वहीं के वहीं बंद कर. एक कदम आगे नहीं."

पार्ट पाडव्याला आला. पाडव्याला आम्हाला सुट्टी, पण गोपीभाईंच्या हाताखालची माणसं सुट्टीवर. दुसऱ्या दिवशी चेटीचंड, सिंधी लोकांचं नवीन वर्ष. आमची कंपनी चालू, आख्खं उल्हासनगर बंद. "परसों सुबह पक्का," गोपीभाई म्हणाले. एकच दिवस काढायचा होता. फक्त एक!

चेटीचंडच्या संध्याकाळी आम्ही एमआयडीसीतून बाहेर पडलो. बदलापूरच्या दिशेला लागलो न लागलो, तोच गाडीला उचकी लागली. मग दुसरी. आणि दिवा लुकलुकायला लागला.

मी गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"अगं, चालव हळूहळू," काका म्हणाले. "लुकलुकतोय म्हणजे विझायच्या बेतात असेल."

"काका, आता एक शब्द नाही!" मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा मी मोठ्या माणसावर ओरडले आणि माझीच मी दचकले.

गोपीभाईंना फोन लावला. वाजत राहिला, ते मिरवणुकीत असणार, ढोलापुढे फोन कुणाला ऐकू येतो? बाबांना लावला. बाबा फोन चार्जिंगला लावून गच्चीवर गप्पा मारत बसतात. रस्त्यावर मदत करणाऱ्या कंपनीला लावला. तिथली बाई माझा कॉल किती महत्त्वाचा आहे ते सांगत राहिली आणि बासरी वाजवत राहिली. प्रणालीच्या नवऱ्याला लावला. त्याचा फोन ड्युटीवर लॉकरमध्ये असतो.

काका उतरून रिक्षाला हात दाखवायला लागले. एक थांबलीसुद्धा. प्रणाली जागची हलली नाही.

"रिक्षातून उतरताना बघितलं की संपलं," ती म्हणाली. "त्यापेक्षा तूच फोन कर त्यांना. तुझ्याकडे नंबर आहे. माझ्यानं नाही होणार."

"मी? माझ्यानं तर मुळीच नाही!"

"तेजू, प्लीज."

मी नंबर काढला. काय बोलायचं ते दोनदा पुटपुटून बघितलं. 'आई, गाडीचं किरकोळ काम निघालंय, प्रणाली अगदी सुखरूप आहे, यात तिची काहीही चूक नाही.' लावला. पूर्ण वाजून बंद झाला. परत लावला. परत बंद झाला. काकांनी रिक्षावाल्याला थांबवून धरलं होतं आणि तो हॉर्न वाजवत होता. प्रणालीनं ओढणी तोंडात धरली होती. मी पुन्हा लावला.

उचलला.

"आई, मी तेजू, ते गाडीचं जरा..."

"कुठं बंद परली?" सासूबाई म्हणाल्या. "दोर हाय का तुमचेकरं, का मीच आनू?"